एक इलेक्ट्रॉन, एक पायरी : येलहंक्याहून जक्कूरपर्यंत



आजचा भाग जरा वेगळा आहे. म्हटलं तर हा दुरुस्तीचा भाग आहे. ट्रान्झिस्टरच्या इतिहासावरच्या भागात शेवटी मी एक वाक्य बोलून गेलो होतो: 'एकेक इलेक्ट्रॉन वेगळा पकडण्याचं, मोजण्याचं काम अमेरिकेत आणि हॉलंडात झालं, आपल्याकडे त्यातलं काही झालं नाही.' ज्यांनी तो भाग पाहिला असेल त्यांना आठवेल, मी हे अगदी ठासून बोललो होतो. आणि ते चूक होतं. गंमत म्हणजे, हे मी येलहंक्यातल्या माझ्या घरात बसून बोललो, आणि ज्या कामाची मला कल्पना नव्हती ते इथून सहा-सात किलोमीटरवर, जक्कूरला झालं होतं. तेही २००० सालच्या आसपास.

नुसती कॅमेऱ्यासमोरची चूक असती तर पुढच्या भागात एक वाक्य बोलून मोकळा झालो असतो. पण हेच वाक्य मी त्याआधी एकदा बोललो होतो. २००४ साली. शेजारच्या बिऱ्हाडातली मुलगी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. कुठल्याशा मासिकात तिने 'एका इलेक्ट्रॉनवर चालणारा ट्रान्झिस्टर' असं काही वाचलं होतं आणि मला विचारत होती, "काका, असलं काम करायचं तर कुठं जावं?" मी एका कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांची जुळणी-तपासणी करणारा माणूस. व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर, रोधपेट्या यांत आयुष्य गेलं, म्हणून शेजारपाजारी मला विजेतलं सगळं कळतं असा समज. मी ऐटीत सांगितलं, "इथं काही नाही गं. बाहेर जा, नाहीतर नोकरी बघ." तिने नोकरी बघितली. सॉफ्टवेअरमध्ये.

म्हणून आज हा इतिहास नीट सांगायचा आहे. आधी मुद्दा समजून घेऊ, कारण तो समजला नाही तर जक्कूरला काय झालं ते नुसतं कौतुक होऊन बसेल.

एका अ‍ॅम्पिअरचा प्रवाह तारेतून जातो तेव्हा दर सेकंदाला साधारण ६२,४०० कोटी कोटी इलेक्ट्रॉन जातात. कोटी हा शब्द दोनदा आला आहे, छापण्यात चूक नाही. आता त्यातला एक जास्त आला किंवा कमी आला तर कोणत्या मीटरला कळणार? विहिरीत वाटीभर पाणी ओतलं तर विहिरीची पातळी वाढते, पण ती कोणाला दिसत नाही. तीच वाटी घागरीत ओतली तर थोडं कळतं. फुलपात्रात ओतली तर पाणी काठावरून सांडतं. वाटी तेवढीच आहे, भांडं लहान झालं. विजेत या भांड्याच्या आकाराला धारिता म्हणतात, कपॅसिटन्स. पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज. इलेक्ट्रॉनचा भार आपल्याला बदलता येत नाही, तो निसर्गाने ठरवून दिलेला आहे. तेव्हा एक इलेक्ट्रॉन ओळखायचा तर एकच उपाय उरतो, भांडं लहान करत जायचं. इतकं लहान, की एक इलेक्ट्रॉन आत आला की पातळी उडी मारते आणि दुसऱ्याला आत येऊच देत नाही. दुसऱ्याला यायचं तर बाहेरून जास्त दाब द्यावा लागतो. या अडवणुकीला 'कुलोम ब्लॉकेड' असं नाव आहे. दाब वाढवत नेला की एक आत, मग थांबा, मग दुसरा आत, मग थांबा. प्रवाहाचा आलेख सरळ रेषेऐवजी जिन्यासारखा येतो. पायरी, सपाटी, पायरी, सपाटी.

पण अजून एक अडचण आहे. पाणी स्वस्थ असेल तर पातळी कळते, ते हिंदकळत असेल तर नाही. उष्णता म्हणजे हे हिंदकळणं. खोलीच्या तापमानाला ते साधारण एका व्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढं असतं. एका इलेक्ट्रॉनने होणारी उडी याच्यापेक्षा चांगली मोठी हवी. नसेल, तर मग हिंदकळणं कमी करा, म्हणजे थंड करा. या विषयाचा सगळा इतिहास या दोन वाटांचा आहे: भांडं लहान करा, नाहीतर गार करा.

पहिला धागा हॉलंडात लायडनला सापडतो, कारण गार करण्यात त्या गावाचा हात धरणारा कोणी नव्हता. तिथे गॉर्टर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ साली एक छोटासा खुलासा लिहिला. धातूचे अतिशय पातळ थर खूप थंड केले की त्यांचा रोध वाढतो, असं दिसत होतं. धातूचा रोध थंडीत कमी व्हायला हवा, हे आपण शाळेत शिकतो. गॉर्टर म्हणाला, हा थर सलग नाही, त्यात सुटे सुटे कण आहेत, आणि एका कणावरून दुसऱ्यावर इलेक्ट्रॉन जायचा तर त्या कणाला भारित करायची किंमत मोजावी लागते. थंडीत ती किंमत परवडत नाही. झालं. कल्पना सगळी यात आली. पण बिचारा खुलासा बराच काळ पडून राहिला.

साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत दोन ठिकाणी हे पुन्हा वर आलं. गिएव्हर आणि झेलर यांनी ऑक्साइडच्या थरात पुरलेल्या कथिलाच्या कणांवर मोजणी केली. गिएव्हरना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं, ते टनेलिंगवरच्या कामाबद्दल. दुसरे लॅम्ब आणि जॅक्लेव्हिक, यांचा निबंध १९६९ चा. हे दोघे फोर्ड या मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. मोटारवाल्यांना सुट्या इलेक्ट्रॉनशी काय कर्तव्य, असं आज वाटेल, पण त्या काळी कंपन्या असली माणसं पदरी बाळगायच्या. आता बाळगत नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. असो.

इथे एक नाव घेतो. १९८२ मध्ये दोन सुपरकंडक्टरांमधल्या टनेलिंगवर एक निबंध आला, विनय आंबेगावकर, एकर्न आणि शोन यांचा. पुढे एकेका इलेक्ट्रॉनच्या टनेलिंगचा हिशेब मांडणाऱ्या सिद्धांतकारांना हा निबंध फार कामाला आला. अजूनही त्याचा उल्लेख तिघांच्या आद्याक्षरांनी करतात. आंबेगावकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक होते. आडनाव वाचून आपल्याला लगेच पुण्याजवळचं आंबेगाव आठवतं आणि छाती फुगते. पण नुसत्या आडनावावरून माणूस आपल्या खात्यात जमा करू नये, हे मी पुढे अजून एकदा सांगणार आहे.

मग १९८७. बेल लॅबमध्ये फुल्टन आणि डोलन. डोलनने काही वर्षं आधी एक युक्ती काढली होती. आधी रेझिस्टचा एक छोटा पूल तयार करायचा, मग एका तिरप्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमची वाफ सोडायची, मध्ये थोडा ऑक्सिजन देऊन पातळ ऑक्साइड चढू द्यायचं आणि मग दुसऱ्या तिरप्या बाजूने पुन्हा वाफ. पुलाच्या दोन सावल्या थोड्या सरकून पडतात, आणि दोन्ही थर जिथे एकमेकांवर येतात तेवढाच अगदी लहान सांधा तयार होतो. सांधा म्हणजे अशी भिंत, जिच्यातून इलेक्ट्रॉन फक्त टनेलिंगनेच पार होऊ शकतो. असे सांधे जोडून मधला एक अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा त्यांनी बेटासारखा वेगळा काढला, शेजारी नियंत्रणासाठी व्होल्टेज दिलं आणि बेटावरच्या इलेक्ट्रॉनांची संख्या एकाने कमी-जास्त होताना पाहिली. हा पहिला एक-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर. पण तो चालायचा द्रव हेलियमच्या थंडीत. हिशेब सोपा आहे. एका फेम्टोफॅरडचं भांडं घ्या, म्हणजे एक फॅरडचा दहाचा उणे पंधरावा घात. एक इलेक्ट्रॉन भरायची किंमत ज्या तापमानाच्या बरोबरीची येते ते तापमान साधारण एक केल्व्हिन. म्हणजे शून्याखाली २७२ अंश सेल्सिअस. फुल्टन-डोलनना भांडं आणखी लहान करता आलं, तरी हेलियम सुटला नाही.

आतापर्यंत सगळं धातूचं झालं. सेमीकंडक्टर कुठे आला? तो आला चुकून, आणि हा या इतिहासातला माझा आवडता भाग आहे.

एमआयटीत मार्क कॅस्टनर यांचा गट सिलिकनमधला एक अतिशय अरुंद मार्ग तपासत होता. वर दोन गेट. गेटचं व्होल्टेज हळूहळू वाढवलं की मार्गातले इलेक्ट्रॉन वाढतात, तेव्हा प्रवाह वाढत जायला हवा. तो वाढला, मग कमी झाला, मग वाढला, मग कमी झाला. अगदी ठरावीक अंतराने. १९८९ मध्ये हे छापून आलं. त्यांनी स्वतः अर्थ लावला तो असा, की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलून रांगेत समान अंतरावर उभे राहत असावेत, एखाद्या स्फटिकासारखे. दिसायला छान कल्पना. त्याच वर्षी हॉलंडातून व्हान हाउटेन आणि बेनाक्कर यांनी एक टिप्पणी पाठवली. त्यांचं म्हणणं असं, की एवढं सुंदर काही मानायची गरज नाही. तुमच्या मार्गात कुठेतरी दोन अशुद्धी बसल्या आहेत, त्यांच्यामध्ये एक तुकडा आपोआप बेटासारखा कापला गेला आहे, आणि प्रत्येक चढउतार म्हणजे त्या बेटावर आलेला एकेक इलेक्ट्रॉन. म्हणजे एमआयटीवाल्यांनी न ठरवताच एक-इलेक्ट्रॉन ट्रान्झिस्टर केला होता!

कॅस्टनर यांनी पुढे काय केलं ते बघा. मैराव आणि विंड यांच्याबरोबर त्यांनी १९९० मध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये मुद्दाम दोन अडथळे बांधले, ठरलेल्या अंतरावर, आणि तोच चढउतार पुन्हा दाखवला. जे अपघाताने झालं होतं ते ठरवून केलं. आपली चूक दुसऱ्याने दाखवल्यावर तिच्यावरच पुढचं काम उभं करायचं, हे सगळ्यांना जमत नाही. मला एक वाक्य मागे घ्यायला वर्ष लागलं.

बरं, धातूपेक्षा सेमीकंडक्टरमध्ये वेगळं काय? इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. धातूत त्या लाटेची लांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते. गॅलियम आर्सेनाइडच्या थरात ती चाळीस-पन्नास नॅनोमीटरपर्यंत जाते, कारण तिथे इलेक्ट्रॉन विरळ असतात. मग शंभर नॅनोमीटरचं बेट इलेक्ट्रॉनला खरोखरच कोंडल्यासारखं होतं आणि त्याच्या ऊर्जेच्या सुट्या पातळ्या पडतात, अणूत पडतात तशा. म्हणून याला 'कृत्रिम अणू' म्हणायला लागले. १९९६ मध्ये तारुचा यांच्या गटाने जपानी आणि डच सहकाऱ्यांसह अशा एका गोल बेटात शून्यापासून एकेक इलेक्ट्रॉन भरत नेला. २, ६ आणि १२ इलेक्ट्रॉन झाले की पुढचा घालायला जास्त जोर लागत होता. रसायनशास्त्रात निष्क्रिय वायूंची कवचं पूर्ण भरतात, तसंच. फक्त इथे कवचांचे आकडे निसर्गातल्या अणूचे नव्हते, माणसाने कोरलेल्या बेटाच्या आकारावरून आलेले होते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

आता जक्कूर.

येलहंक्याहून शहराकडे बळ्ळारी रस्त्याने निघालात की जक्कूरची धावपट्टी लागते, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालताना दिसतात. त्या भागात आत राचेनहळ्ळी तळ्याच्या बाजूला जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्च आहे. १९८९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था. ही माणसं मुळात रसायनवाली. त्यांना भांडं लहान करण्यासाठी इलेक्ट्रॉन किरणांनी कोरायची गरज नव्हती, ते बाटलीतच कण वाढवत. धातूचा क्षार घ्यायचा, त्यातून धातू मोकळा करायचा, आणि कण ठरावीक आकाराचा झाला की त्याच्याभोवती सेंद्रिय रेणूंचं आवरण बसवून वाढ थांबवायची. काही नॅनोमीटर व्यासाचे, जवळजवळ सारख्या मापाचे कण. पॅलेडियमचे, सोन्याचे.

पी. जॉन थॉमस, जी. यू. कुलकर्णी आणि राव या तिघांनी हे कण सपाट ग्रॅफाइटवर ठेवले आणि स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचं टोक एका सुट्या कणावर आणलं. हा मायक्रोस्कोप म्हणजे एक अणकुचीदार सुई, जी पृष्ठभागाला न टेकता त्याच्या अगदी जवळ धरतात, आणि मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन टनेलिंगने जातात. झ्युरिकला आयबीएममध्ये बिनिग आणि रोहरर यांनी तो केला, १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता रचना बघा: सुई, मग फट, मग कण, मग कणाच्या आवरणाची फट, मग ग्रॅफाइट. दोन भिंतींमध्ये बेट! फुल्टन-डोलनचीच रचना, पण कोरीव काम शून्य. (भाषणात मी ही आकृती फळ्यावर काढली होती, पुस्तकात ती नाही, पण कागदावर एक गोल आणि वर-खाली दोन रेघा काढल्यात तरी पुरे.)

आणि हेलियमही नको. का, ते हिशेबाने सांगतो. चार नॅनोमीटर व्यासाचा गोळा मोकळ्या जागेत धरला तर त्याची धारिता येते सुमारे ०.२ अ‍ॅटोफॅरड. अ‍ॅटो म्हणजे दहाचा उणे अठरावा घात. फेम्टोफॅरडच्या काही हजार पट लहान भांडं. एक इलेक्ट्रॉन भरायला लागणारा दाब तिसऱ्या हिश्श्याच्या व्होल्टच्या वर जातो. भोवतीच्या रेणूंमुळे आणि खालच्या ग्रॅफाइटमुळे प्रत्यक्षात तो कमी होतो, तरी दशांश व्होल्टच्या घरात राहतो, आणि खोलीच्या उष्णतेचं हिंदकळणं आहे चाळिसावा भाग. म्हणजे पायऱ्या खोलीच्या तापमानाला दिसायला हव्यात. दिसल्या. २००० साली 'केमिकल फिजिक्स लेटर्स' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला, धातूच्या नॅनोकणांमधल्या या 'कुलोम जिन्या'वर कणाच्या आकाराचा काय परिणाम होतो, यावर. सारांश असा, की कण जितका लहान तितकी पायरी मोठी, आणि ही वाढ व्यासाच्या व्यस्त प्रमाणात जाते. वेगवेगळ्या आकारांचे कण घेऊन त्यांनी हे दाखवलं, आणि यात त्यांच्या रसायनाची खरी ताकद होती. कोरून बेटं करणाऱ्यांना एवढ्या लहान मापात दहा वेगवेगळे आकार करणं सोपं नव्हतं.

तारीख लक्षात घ्या. देशाचा नॅनो विज्ञानाचा पहिला सरकारी उपक्रम २००१ चा, आणि एक हजार कोटी रुपयांचं नॅनो मिशन २००७ चं. हे काम त्याआधीचं.

मला हे कळलं कसं? राव, थॉमस आणि कुलकर्णी यांचं नॅनोकणांवरचं पुस्तक २००७ साली आलं होतं. एका मित्राच्या कपाटात ते दिसलं, मी सहज चाळत होतो, आणि एका पानावर जिना. माझा तो भाग तेव्हा प्रसिद्ध होऊन महिना झाला होता. मित्र म्हणाला, "चहा गार झाला तुझा."

कुलकर्णी हे नाव वाचून काही मंडळी आताच खूश झाली असतील. थांबा. धारवाड, विजापूर, बेळगावकडे कुलकर्णी पोत्याने मिळतात आणि घरात कन्नड बोलतात. आडनावाची सीमा आणि भाषेची सीमा एक नाही, हे आम्हा बेंगळुरूच्या मराठी लोकांना रोज कळतं. प्राध्यापक कुलकर्णी पुढे याच संस्थेचे अध्यक्ष झाले, एवढं पुरे. आणि रावांबद्दल एक आठवण. १६ नोव्हेंबर २०१३ ला आमच्या घरी सगळे वानखेडेवरच्या सचिनच्या शेवटच्या सामन्यासमोर डोळे पुसत होते. त्याच दिवशी दोन भारतरत्नं जाहीर झाली, एक सचिनला, एक रावांना. आमच्या मंडळाच्या बैठकीत दुसऱ्याचा उल्लेख झाला नाही. राव या भागातले, तरी. मीही केला नाही.

आता सगळं कौतुक करून झाल्यावर खरं बोलायला हवं. जक्कूरला जे झालं ते इलेक्ट्रॉन पाहण्याचं काम होतं, चालवण्याचं नव्हे. सुईखालच्या कणाला तिसरी तार जोडलेली नव्हती, म्हणजे गेट नव्हतं. फुल्टन-डोलन आणि कॅस्टनर यांच्याकडे गेट होतं, म्हणून तो ट्रान्झिस्टर. शिवाय हे कण धातूचे, सेमीकंडक्टरचे नव्हेत. २००४ मध्ये त्या मुलीने मला नेमकं विचारलं होतं ते ट्रान्झिस्टरबद्दल. गेट बसवायचं तर धूळमुक्त खोली लागते, कोरायची यंत्रं लागतात. त्यासाठीची नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था इथे सरकारी पैशातून उभी राहायला लागली ती २००६ पासून. दुसऱ्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही तिथे येऊन काम करता येईल अशी योजनाही निघाली. म्हणजे माझं उत्तर अर्धं चूक होतं. 'काही नाही' हे चूक. 'दोन वर्षं थांब, आणि तोवर जक्कूरला जाऊन बघ' हे बरोबर उत्तर झालं असतं.

सेमीकंडक्टरचं काम जक्कूरला झालंच नाही असं मात्र नाही. एस. एम. शिवप्रसाद यांच्या गटाने तिथे गॅलियम नायट्राइडच्या नॅनोभिंती वाढवल्या. नीलमणीच्या स्फटिकावर, अतिनिर्वातात, अणूंचे झोत सोडून. वरून पाहिलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं, आणि प्रत्येक भिंत वर जाताना पाचरीसारखी निमुळती. गॅलियम नायट्राइड म्हणजे आपल्या निळ्या-पांढऱ्या एलईडीतला पदार्थ. हे नमुने पवईला गेले. तिथे आयआयटी मुंबईत सुभब्रत धर यांच्या गटाने त्यातून इलेक्ट्रॉन कसे जातात ते मोजलं. असल्या वेड्यावाकड्या जाळ्यात इलेक्ट्रॉन ठेचकाळत जातील असं कोणालाही वाटेल. पण २०१२ मध्ये दोन्ही गटांनी मिळून छापलं ते असं, की इलेक्ट्रॉनांची गतिशीलता अनपेक्षितपणे जास्त आहे, आणि त्याचा अर्थ ते भिंतीच्या वरच्या धारेलगत कोंडले जाऊन तिथूनच वाट काढतात. नमुना येलहंक्याच्या बाजूला पिकला आणि मोजला गेला मुंबईत. उद्यान एक्सप्रेस जोडते तीच दोन गावं.

मुंबईत अजून एक नाव घ्यायलाच हवं. मंदार देशमुख. कॉर्नेलमध्ये डॅन राल्फ यांच्याकडे पीएच.डी. करताना कोबाल्टच्या एकेका नॅनोकणातून इलेक्ट्रॉन जाऊ देऊन त्याच्या सुट्या ऊर्जापातळ्या मोजणाऱ्या गटात ते होते, तो निबंध २००१ चा. पुढे टीआयएफआरमध्ये येऊन त्यांनी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचा गट उभा केला. ग्राफीनवरचं त्यांचं काम जास्त गाजलं, २०१५ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्यात सुलभा कुलकर्णी यांनी विद्यापीठात सेमीकंडक्टरच्या नॅनोकणांवर अनेक वर्षं काम केलं आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकही लिहिलं. असले कण आकाराप्रमाणे रंग बदलतात, आणि त्याच शोधासाठी एकिमोव्ह, ब्रस आणि बावेंडी यांना २०२३ चं रसायनाचं नोबेल मिळालं. तो रंगांचा धागा फार लांबचा आहे, त्याच्यावर वेगळा भाग करू.

शेवटी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर मला चैन पडणार नाही. आयुष्यभर मी अ‍ॅमीटर तपासले ते दुसऱ्या, जास्त चांगल्या अ‍ॅमीटरशी ताडून. त्या दुसऱ्याला तिसऱ्याशी. साखळीच्या टोकाला काय? जुन्या व्याख्येत दोन लांबलचक समांतर तारा होत्या, एकमेकींना ओढणाऱ्या. प्रत्यक्षात कोणी तशा बांधत नसे. २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली. इलेक्ट्रॉनचा भार नेमका १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात इतके कुलोम, असं ठरवून टाकलं, आणि अ‍ॅम्पिअर म्हणजे दर सेकंदाला ठरावीक संख्येने जाणारे इलेक्ट्रॉन. म्हणजे मोजायचं तर मोजायलाच हवं, एक, दोन, तीन. हे शक्य वाटलं ते या एक-इलेक्ट्रॉन यंत्रांमुळे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेत केलर, मार्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात सांध्यांचा इलेक्ट्रॉन पंप केला होता. इलेक्ट्रॉन एकेक करून पुढे ढकलायचा. त्याची चूक शंभर कोटींत पंधरा. हेच मार्टिनिस २०२५ च्या भौतिकीच्या नोबेलमधले एक, पण ते वेगळ्या, जुन्या प्रयोगासाठी. आमच्या कारखान्यात टक्क्याच्या दहाव्या भागाची चूक आली तर आम्ही पेढे वाटत होतो.

हे सगळं जुळवून झाल्यावर मी तिला फोन केला. ती आता पुण्यात असते, मुलगा सातवीत आहे. मी सांगितलं की, तुला २००४ मध्ये मी चुकीचं सांगितलं, इथं जवळच काम चाललं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही सांगितलं म्हणून मी नोकरी धरली असं नाही. बाबांचं कर्ज होतं. तुम्ही 'जक्कूरला जा' म्हणाला असता तरी मी गेले नसते बहुतेक." मग म्हणाली, "पण बघून आले असते. सायकल होती माझ्याकडे."

जुन्या भागाचा व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही, चूक आहे तशी राहू दे. पुस्तकाच्या आवृत्तीत मात्र ते वाक्य बदललं आहे. तिथे आता असं आहे: 'एकेका इलेक्ट्रॉनच्या पायऱ्या बेंगळुरूत जक्कूरला खोलीच्या तापमानाला मोजल्या गेल्या, २००० साली, त्यांना गेट नव्हतं.'

पुढच्या भागात सावंतवाडीची गंजिफा.